सभेत वाचलेली नावं : ‘द बुक ऑफ लॉस्ट फ्रेंड्स’

आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब उपासनेत सूचना वाचतात. कुणाचं लग्न ठरलंय, कुणासाठी प्रार्थना करायची आहे. लहानपणी तेवढा वेळ मी चुळबुळ करायची. अमेरिकन लेखिका लिसा विन्गेट यांची ‘द बुक ऑफ लॉस्ट फ्रेंड्स’ (२०२०) ही कादंबरी वाचल्यापासून त्या सूचना मी कान देऊन ऐकते.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सहून मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचं ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. गुलामगिरी संपल्यावर ताटातूट झालेली माणसं त्यात पत्रं छापायची : आईला कुणी विकलं, भावाला कुठल्या गावी नेलं, मालकाचं नाव काय होतं. एका पत्राचे पन्नास सेंट, वर्गणीदारांना फुकट. सदराच्या डोक्यावर पाळकांना विनंती असे, की ही पत्रं सभेत वाचून दाखवा. तीच खरी पत्रं कादंबरीत प्रकरणांच्या मधे मधे ठेवली आहेत. गोष्ट राहू दे बाजूला, असं वाटून मी काही पत्रं दोनदा-तीनदा वाचली.

गोष्ट दोन काळांत चालते, दोन्हीकडे लुइझियानातला गॉसवुड ग्रोव्ह हा मळा. १८७५ मध्ये गुलामगिरीतून सुटलेली अठरा वर्षांची हॅनी मुलाचा वेश करून निघते आणि पूर्वीच्या मालकाच्या दोन मुलींबरोबर टेक्सासपर्यंत जाऊन पोचते. एक मुलगी लग्नाची, एक लग्नाबाहेरची. १९८७ मध्ये बेनी सिल्वा ही नवी शिक्षिका ऑगस्टीन गावात येते. मळ्यावरच्या जुन्या वाड्यात तिला पुस्तकांनी भरलेली खोली सापडते. ती मुलांना गावच्या दफनभूमीतल्या माणसांचा शोध घ्यायला लावते, आणि गावातल्या वजनदार लोकांना ते खुपतं.

मला धरून ठेवलं ते हॅनीनं. मुलं एकेक करून विकली जात असताना तिची आई उरलेल्यांकडून घोकून घेते : कोण कुठे गेलं, कुणी नेलं. ओळखीची खूण म्हणून गळ्यात तीन निळे मणी. हे वाचताना मला पणजी आठवली. १९०० च्या दुष्काळात ती गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आली. इतकी लहान होती, की गावाचं नावही तिला सांगता येईना. आमच्या घरची वंशावळ तिच्यापासून सुरू होते. तिच्या वर काही लिहिलेलं नाही. तिच्याकडून कुणी घोकून घेतलं असतं तर!

रानातल्या एका चर्चचा प्रसंग तर डोळ्यांपुढून हलत नाही. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यातच ही पत्रं. हॅनीला वाचता येत नाही. मालकाची धाकटी मुलगी वाचते आणि ही ऐकते. मग दोघी वाटेत भेटेल त्याच्या हरवलेल्या माणसांची नावं वहीत लिहून घेऊ लागतात. ख्रिस्ती कादंबऱ्यांत पुष्कळदा शेवटाकडे एखादं पात्र प्रवचन देतं, ते इथे नाही. नावं लिहून घेणं हीच इथली सेवा, आणि मला ती फार खरी वाटली.

बेनीचा भाग त्या मानाने फिका. उपाशीपोटी शाळेत येणारी मुलं, वर्गात येऊन गावाच्या जुन्या गोष्टी सांगणारी ग्रॅनी टी, हे छान जमलंय. पण वाड्याच्या वारसाशी बेनीचं जुळत जाणं पहिल्या भेटीतच कळतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं गुपित अगदी शेवटच्या पानांत येतं आणि घाईत उरकलं जातं. तेच अर्ध्यावर आलं असतं, तर ती हॅनीच्या तोलाची झाली असती. शिवाय हॅनी संकटात सापडली, की नेमकं प्रकरण संपतं आणि आपण पुन्हा १९८७ मध्ये. दोनदा मी पुढची पानं उलटून आधी हॅनीचं वाचलं.

इंग्रजी सोपं आहे, फक्त हॅनीची बोली पहिली पन्नासेक पानं अडते. मोठ्याने वाचली, की सुटते.

‘हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शन’ या संग्रहालयाने त्या सदरातली अडीच हजारांवर पत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत, कुणालाही फुकट बघता येतात. सध्या मी रोज रात्री झोपण्याआधी दोन-तीन वाचते, नावं मोठ्याने.