दोष हीटसिंकचा नव्हता, मॉस्फेट नकली होते

भाच्याच्या जुन्या सायकलला मी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, बसवली. बॅटरी ४८ व्होल्टची, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर घरी जोडलेला. त्याला सहा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतात, आयआरएफबी ४११० नंबरचे. पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुकानात ते ५० रुपयांना एक मिळाले. सुटे दोन धरून आठ घेतले. खरा माल याच्या कितीतरी वरच्या भावाने जातो, हे मला ठाऊक होतं. "लॉटमधला आहे साहेब, ओरिजिनलच. एवढ्याला बिल कशाला?" दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली.

पहिल्याच फेरीत हीटसिंकला, म्हणजे मॉस्फेटची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला, हात लावता येईना. मला वाटलं, जोडणीत माझंच चुकलं. सगळं खोलून ती पट्टी पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, अभ्रकाच्या चकत्या बदलल्या, थर्मल पेस्टचा थर पातळ केला, बोल्ट एकसारखे आवळले. तरी तेच. मग दुप्पट मोठा हीटसिंक, त्यावर पंखा. तीन रविवार यात गेले. नकली मालाची खरी फसवणूक ही आहे. पैसे जातात ते जातातच, वर माणूस आपल्याच हातावर संशय घेत बसतो.

चौथ्या रविवारी भाचा चांदणी चौकाच्या चढावर असताना मॉस्फेट शॉर्ट झाला, म्हणजे कायमचा चालू राहून अडकला. असं झालं की मोटरची वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) आतल्या आत जोडली जाते आणि ब्रेक दाबल्यासारखं चाक जड होतं. पोर पडलं. कोपर सोलवटलं, पण मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं. "मामा, मी काही नाही केलं," हे त्याचं पहिलं वाक्य. ते माझ्या अजून कानात आहे.

त्या रात्री सुट्या दोनपैकी एक तपासला. ही तपासणी कुणालाही घरी जमेल आणि ती सोल्डरिंगच्या आधी कराच. १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा ५५ वॉटचा बल्ब घ्या. मॉस्फेटचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स. बल्ब प्लस आणि ड्रेनच्या मध्ये, सोर्स मायनसला, गेट प्लसला. साधारण साडेचार अँपिअर वाहतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून टोकं ड्रेन आणि सोर्सच्या पायांना अगदी मुळाशी टेकवा. कंपनीच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) चालू मॉस्फेटचा रेझिस्टन्स जास्तीत जास्त ४.५ मिलिओहम दिला आहे, म्हणजे २० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. माझा आला ९६. रेझिस्टन्स जवळपास पाचपट, म्हणजे तेवढ्याच करंटला उष्णताही पाचपट, आणि मॉस्फेट तापला की रेझिस्टन्स आणखी चढतो. याला कुठला पंखा पुरणार?

ॲसिटोनच्या बोळ्याने वरचा नंबर पुसला गेला, खाली दुसराच उमटला. जळालेला पक्कडीने फोडला, तर आत चिप नको तेवढी लहान, तांदळाच्या कणीएवढी.

दुकानात गेलो. "सोल्डर लावलेलं परत होत नाही." मी सोल्डर न लावलेला सुटा पुढे केला. "मग बिल दाखवा."

नवे मॉस्फेट अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर मागवले. बल्बवर सहाही १८ ते २० मिलिव्होल्टमध्ये बसले. पहिलाच छोटा हीटसिंक परत लावला, पंखा काढला, आणि या वेळी चांदणी चौकाचा चढ आधी मी स्वतः चढलो. वर पोचून हात लावला, तर हीटसिंक नुसता कोमट होता.