गोलमटोल कर्बीचा पहिला खेळ

निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी हॅल लॅबोरेटरी या कंपनीने तयार केलेला ‘कर्बीज ड्रीम लँड’ हा व्हिडिओ खेळ १९९२ साली बाजारात आला. ज्या मुलाने यापूर्वी असे यंत्र कधी हातात घेतलेले नाही, त्याला पहिला खेळ कोणता द्यावा असे विचारले, तर मी आजही याचेच नाव घेईन.

कथा दोन ओळींची आहे. डीडीडी नावाचा खादाड राजा साऱ्या राज्यातले खाणे आणि चमचमते तारे पळवतो आणि ते परत आणायला चेंडूसारखा गुबगुबीत कर्बी निघतो. हा नायक तोंड उघडून शत्रूला आत ओढतो आणि ताऱ्याच्या रूपात दुसऱ्यावर थुंकतो. तोंडात हवा भरून तो फुग्यासारखा तरंगूही शकतो, आणि माझ्या मते खेळाचे खरे मर्म या तरंगण्यात आहे. अशा बहुतेक खेळांत उडी थोडी चुकली की खड्ड्यात पडून जीव जातो आणि लहान मूल हिरमुसून यंत्र बाजूला ठेवते. येथे चुकलेली उडी हवेतच सावरता येते. खेळ रचणारे मासाहिरो साकुराई यांनी नवख्यांचा विचार केला होता, हे पावलोपावली जाणवते.

टप्पे पाचच आहेत, पण त्यांत तोचतोपणा नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी भेटणारे झाड सफरचंदे पाडते आणि तीच गिळून त्याच्यावर फेकायची असतात. ही युक्ती मुलांना कोणी न सांगता सुचते. एका ठिकाणी झणझणीत करी खाऊन कर्बी आग ओकू लागतो. (तिखट खाणाऱ्या घरातील मुलांना हे विशेष पटावे.) शेवटच्या टप्प्यात मात्र आधीच्या चारही टप्प्यांच्या शेवटी भेटलेल्या म्होरक्यांशी पुन्हा लढून मगच हातोडा घेतलेल्या राजासमोर उभे राहावे लागते, आणि तेथे मोठ्यांचीही थोडी परीक्षा होते.

उणीव आहे ती लांबीची. सरावलेला खेळाडू अर्ध्या-पाऊण तासात शेवट गाठतो. पूर्ण किंमत मोजून घेणाऱ्याला हे खटकणे स्वाभाविक आहे. खेळ संपल्यावर अधिक अवघड आवृत्तीची गुप्त कळ दाखवली जाते, तेवढाच दिलासा. कर्बीच्या पुढच्या खेळापासून आलेली, गिळलेल्या शत्रूची शक्ती उचलण्याची करामतही येथे नाही.

कर्बी गुलाबी आहे, पण गेम बॉयच्या पडद्यावर केवळ चार छटा दिसत असल्याने येथे तो रंगहीन भासतो, आणि अमेरिकेतील खोक्यावर तर तो चक्क पांढरा छापला गेला. मूळ यंत्राच्या पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे रात्रीच्या प्रवासात त्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे निन्टेन्डोचे स्विच हे नंतरचे यंत्र आहे, त्यांनी निन्टेन्डोच्या ऑनलाइन वर्गणीतून हा खेळ घ्यावा. तेथे तो हवा तिथे थांबवून पुढे चालू ठेवता येतो.