मीटरातला बॅलन्स दोनदा विकला गेला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आम्ही फोंड्याचं भाड्याचं घर सोडून पंधरवडा झाला होता, आणि माझं एक पार्सल चुकून जुन्याच पत्त्यावर गेलं होतं. फोन तिथे नव्याने राहायला आलेल्या मुलीचा. एका हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची चंदगडची. पार्सल ठेवून घेतलंय म्हणाली, आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "ताई, तुमचा मीटरातला बॅलन्स मीच घेतला हो. २,३०० रुपये दिले भाटकाराला."

मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. कारण त्याच बॅलन्सबद्दल भाटकारांनी, म्हणजे घरमालकांनी, आम्हाला सांगितलं होतं की तो परत मिळत नाही, घर सोडलं की मीटर शून्य होतो.

ज्यांच्याकडे असा मीटर नाही त्यांच्यासाठी सांगते. वीज खात्याचा मुख्य मीटर घरमालकाच्या नावावर असतो, बिल त्यालाच येतं. भाड्याच्या प्रत्येक खोलीला तो स्वतःचा वेगळा प्रीपेड मीटर बसवतो. आमचा जिन्यात होता, फोनसारखी बटणं असलेला. भाटकारांना पैसे पाठवायचे, ते व्हॉट्सअ‍ॅपवर वीस आकडी टोकन पाठवणार, ते आपण मीटरवर दाबायचं. ऐन मे महिन्यात रात्री साडेअकराला बॅलन्स संपायचा, एसी बंद, घरात काळोख. मग मी मोबाइलच्या उजेडात आकडे वाचणार आणि हे दाबणार. सतराव्या आकड्याला चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा आकडा बरोबर पडला की मीटर बीप करायचा आणि आतून फ्रिजचा आवाज यायचा. त्या आवाजाचं एवढं बरं वाटायचं की दर काय लावलाय हे विचारायचंही सुचायचं नाही.

दर होता युनिटला ११ रुपये. खात्याचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पण त्यांच्या बिलावर मी एकदा पाहिलं, अगदी वरचा टप्पाही ११ च्या बराच खाली होता. बोललो नाही. घर चांगलं होतं, यांना वेर्ण्याला जायला कंपनीची बस नाक्यावर मिळायची. शिवाय भाड्याच्या डिपॉझिटव्यतिरिक्त 'मीटरचं डिपॉझिट' म्हणून २,००० रुपये वेगळे घेतले होते, तेही दिले. हे तर आता जास्तच खुपतं. २००३ च्या वीज कायद्यात कलम ४७ मध्ये स्पष्ट आहे की ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल तर वीजपुरवठादाराला त्याच्याकडून अनामत मागता येत नाही. घरमालक काही वीजपुरवठादार नव्हे, पण त्यामागचा हिशेब साधा आहे. पैसे आधीच हातात आल्यावर बुडणार काय? आमच्याकडून पैसेही आधी घेतले आणि अनामतही.

आता निघतानाची गोष्ट. मेच्या शेवटच्या आठवड्यात भाटकारांचाच फोन: "बाय, सामान बांधताना लाइट जायला नको, तीनेक हजार एकदम टाकून ठेवा. उरले तर बघू, मीटर काय पळून जातोय?" आम्ही टाकले. मुलीची परीक्षा संपलेली, आठवडाभर आधी ती आजीकडे सावंतवाडीला, घरात आम्ही दोघंच. वापर किती होणार? चावी देण्याच्या दिवशी सवयीने यांनी मीटरचा फोटो काढला: २१४.६ युनिट. म्हणजे २,३६० रुपये. विचारलं तर उत्तर आलं की टोकन एकदा मीटरात गेलं की कंपनीच्या सिस्टिमला परत घेता येत नाही.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच पटलं. वीस आकडी टोकन त्या एकाच मीटरच्या नंबरासाठी बनलेलं असतं, दुसऱ्या मीटरवर चालत नाही. एकदा वापरलेलं पुन्हा चालत नाही. पण म्हणून पैसे परत देता येत नाहीत असं कुठे आहे? आकडा मीटरातच राहतो, पुढचा भाडेकरू तोच वापरतो. त्याच्याकडून तेवढे पैसे घ्यायचे आणि जाणाऱ्याला द्यायचे, संपलं. आणि खरंच शून्य करायचा तर त्यासाठीही वेगळं टोकन असतं. ते आमच्या मीटरात कुणी टाकलेलं नव्हतं. नर्स मुलीने ती आली त्या दिवशीचा फोटो पाठवला: २०८.९. मधल्या दिवसांत रंगाऱ्याने पंखा चालवला असेल, तेवढाच फरक.

खात्यात ओळखीचे एक जण आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, मुख्य मीटरपर्यंत काय ते आमचं, जिन्यातला मीटर तुमचा आणि मालकाचा आपसातला व्यवहार. म्हणजे करारात जे लिहिलंय तेच हातात. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात रंगाचे पैसे कापायचे हे होतं, खिळे ठोकायचे नाहीत हे होतं, मीटरबद्दल एक अक्षर नव्हतं.

तेव्हा घर घेताना आणि सोडताना मीटरचा नंबर आणि शिल्लक आकडा एकाच फोटोत दिसेल असा फोटो काढा आणि तो त्याच वेळी मालकाला पाठवा. आमचा फोटो होता, पण आमच्याच फोनमध्ये झोपलेला. उरलेल्या युनिटचे पैसे परत मिळतील हे वाक्य करारात घालून घ्या. शेवटचे पंधरा दिवस शंभर-दोनशेच्या वर टाकू नका, कितीही गोड आवाजात सांगितलं तरी.

दोन्ही फोटो पाठवल्यावर भाटकारांनी चार दिवस काही कळवलं नाही. मग १,५०० रुपये आले, सोबत हात जोडल्याची खूण. उरलेले ८६० आणि मीटरचं डिपॉझिट अजून 'बघू' मध्येच आहे. नर्स मुलीनेही तिच्या करारात ते वाक्य घालून मागितलंय, अजून सही झालेली नाही.

एक गोष्ट मात्र मला नंतर आठवली. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या मीटरात १६३ युनिट होती आणि त्याचे जवळजवळ १,८०० रुपये आम्ही पहिल्याच दिवशी भाटकारांना रोख दिले होते. रात्रीचा लाइट लगेच लागला म्हणून उलट बरंच वाटलं होतं. आमच्या आधी तिथे कारवारकडचं एक कुटुंब होतं, एवढंच शेजारी सांगायचे. त्यांचा नंबर कुणाकडेच नाही.