बारा इंची कव्हर नागपुरात करून घेताना : घाट रोडच्या एका प्रेसचं परीक्षण

घाट रोडच्या बाजूची ही प्रेस मुळात खोक्यांची. संत्रा बर्फीचे डबे, औषधांच्या पेट्या, साड्यांचे बॉक्स हा तिचा रोजचा धंदा. रॉक बँडचं काम क्वचितच येतं. तरीही विनाइल रेकॉर्डचं बारा इंची कव्हर नागपुरात करून घ्यायचं असेल, तर पत्रकं-पुस्तकं छापणाऱ्या ऑफसेटवाल्याआधी इथे जावं, असं आमचं मत आहे. रेकॉर्डचं कव्हर म्हणजे एक चपटं खोकंच. त्याला डाय (आकार कापणारा साचा) लागते, क्रीज (घडीसाठी दाबलेली रेघ) लागते, पेस्टिंग (डिंकाने चिकटवणं) लागतं, आणि काम बिघडतं ते बहुतेक याच तीन ठिकाणी. छपाईला आणि डायला या प्रेसला पूर्ण गुण, पेस्टिंगला निम्मे.

पहिल्या भेटीला पेन ड्राइव्हच्या आधी रेकॉर्ड न्या. तबकडीचा व्यास साधारण ३०२ मिलिमीटर, कव्हरची एक बाजू ३१५ आणि कणा, म्हणजे पुढच्या-मागच्या बाजूंमधली अरुंद कड, ३ मिलिमीटर धरतात. इथे डाय करणारे भाऊ छपाईच्याच बोर्डाचा कोरा डमी कापून, घडी घालून देतात. ही या प्रेसची सर्वांत मोलाची सेवा आहे. त्या डमीत रेकॉर्ड, आतलं पाकीट आणि गाण्यांच्या ओळींचा कागद घालून बघा. रेकॉर्ड १८० ग्रॅमची असेल तर ३ मिलिमीटरचा कणा फुगतो. मग ४ करून घ्या आणि त्यानंतर डिझाइन पक्कं करा. आधी डिझाइन आणि मग कणा वाढवला, की मागच्या-पुढच्या बाजूची चित्रं सरकतात आणि कलाकार-प्रेस भांडण सुरू होतं.

प्रेसमधला डिझायनर फाइल साफ करायला उत्तम आहे : ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) लावणं, फॉन्टचे कर्व्ह करणं (अक्षरांचे आकार बनवणं), आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत राहिलेलं चित्र पकडणं. कल्पना मात्र त्याच्याकडून मागू नका. बहुतेक बँड स्ट्रीमिंगसाठी केलेला ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौकोन आणून देतात. ब्लीड धरून ३२१ मिलिमीटरवर तो ताणला की २३७ डीपीआय (इंचामागे ठिपके) उरतो. दाणेदार फोटोला तेवढा चालतो. त्याच चित्रात बँडचं नाव पिक्सेलमध्ये वितळवलेलं असेल तर मात्र अक्षरांच्या कडा मऊ पडतात. नाव आणि मजकूर व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही ताणलं तरी कडा न फुटणाऱ्या रेषांच्या रूपात, वेगळे द्या.

आता काळा रंग. रॉकच्या कव्हरांना काळ्याचं वेड आहे आणि ते साहजिक आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर हिप्नोसिस या डिझाइन संस्थेने काळ्यावर प्रिझम ठेवला, तो रेखाटला जॉर्ज हार्डी यांनी, जॉय डिव्हिजनच्या १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’साठी पीटर सॅव्हिल यांनी पल्सार या प्रकारच्या एका ताऱ्याच्या लहरींच्या पांढऱ्या रेघा काळ्यावर मांडल्या. पडद्यावर हे सोपं दिसतं. मशीनवर नुसता १०० टक्के काळा दिला तर मॅट फिल्मखाली (छपाईवर चढवलेल्या बिनचकाकीच्या प्लास्टिकच्या थराखाली) तो करडा दिसतो. त्याला खाली आधार लागतो : सायन (निळा) ६०, मॅजेंटा (गुलाबी) ४०, यलो (पिवळा) ४०, ब्लॅक १००. एकूण २४० टक्के शाई झाली. काही जण हौसेने चारही रंग १०० ठेवतात. ४०० टक्के शाई वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते आणि थप्पीच्या थप्पी वाया जाते. ३०० च्या वर जाऊच नका. या प्रेसचा मशीनमन ही मर्यादा स्वतःहून तपासतो, आणि फाइल परत करायला कचरत नाही.

काळ्यातून पांढरी रेघ काढायची असेल तर आणखी एक पायरी आहे. काळा चार प्लेटांचा (दर रंगाची एक प्लेट) झाला म्हणजे ती रेघ चारही प्लेटांत कोरी राहिली पाहिजे. रजिस्टर, म्हणजे प्लेटांचं एकमेकींवर बसणं, दशांश मिलिमीटरने हललं तरी रेघेला निळी किंवा गुलाबी किनार येते. उपाय असा, की सायन, मॅजेंटा, यलोच्या प्लेटा रेघेपासून ०.१५ मिलिमीटर मागे घ्यायच्या आणि कड फक्त ब्लॅक प्लेटने धरायची. थोडं रजिस्टर हललं तरी किनार दिसत नाही. बारीक पांढरा मजकूर ७ पॉइंटच्या खाली नेऊ नका, आणि काडी पातळ असलेला फॉन्ट तर नकोच. देवनागरीत हे जास्त सांभाळावं लागतं : ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांच्या पोटातली जागा आधी भरून येते.

प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, दोन प्रकारचा मिळतो : डिजिटल आणि मशीनवरचा. डिजिटल प्रूफवर स्पेलिंग बघा. काळ्याची खोली त्यावर ठरवू नका. रंग ठरवायचा तर मशीनशेजारी उभं राहून, पहिल्या चांगल्या शीटवर आणि त्या शीटवर फिल्मचा तुकडा चिकटवून. इथे उभं राहू देतात. शीट ट्यूबलाइटखाली न बघता दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा.

लॅमिनेशनला, म्हणजे फिल्म चढवायला, घाई करू देऊ नका. शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून छपाईत बारीक पावडर उडवतात. शाई ओली असताना आणि ती पावडर न झटकता फिल्म लावली, की काळ्यावर चंदेरी ठिपक्यांचा धूर पसरल्यासारखा दिसतो. या प्रेसची ही खोड आहे : सकाळी छापलेलं संध्याकाळी फिल्मवर चढवतात. बर्फीच्या डब्यावर ते खपतं, काळ्या कव्हरवर अजिबात नाही. ऑर्डरवर ‘२४ तास वाळवून’ असं लिहून घ्या. मॅट फिल्मवर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठतात, ग्लॉसवर काळा खोल दिसतो पण ट्यूबलाइटची रेघ पडते. आमचा कल मॅटकडे आहे, पण सगळीकडे गडद असलेल्या कव्हरला ओरखडे न धरणारी मॅट फिल्म मागावी.

सर्वांत मोठी चूक शीटच्या मांडणीत होते, आणि ती स्वस्ताईच्या नावाखाली होते. कव्हर उघडून सपाट केलं की रुंदी ब्लीडसह ६३९ मिलिमीटर, आणि वर-खाली १५-१५ च्या पट्ट्या धरून उंची ३४५. २८ बाय ४० इंचाच्या शीटवर अशी दोन कव्हरं एकाखाली एक बसतात आणि उरलेल्या पट्ट्यात तिसरं आडवं बसतं. हिशेब बघून कोणीही खूश होईल. पण बोर्डाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एकाच दिशेने धावतात. घडी ग्रेनच्या दिशेने पडली तर गुळगुळीत, आडवी पडली तर कण्यावर शाई तडकून पांढरी भेग दिसते. तिसरं कव्हर आडवं असल्यामुळे त्याचा ग्रेन हमखास उलटा. तीनशेतली शंभर कव्हरं कण्यावर फाटकी! दोनच लावा, बोर्ड असा मागवा की ग्रेन कण्याला समांतर राहील, आणि उरलेल्या पट्ट्यात मैफलीत विकायची पोस्टकार्डं छापा. प्रेस न विचारता तीन लावते, म्हणून हे आधी बोलून घ्यावं लागतं. ग्रेन ओळखायला बोर्डाचा तुकडा दोन्ही दिशांना दुमडून बघा. कमी जोर लागतो ती ग्रेनची दिशा.

बोर्ड ३०० ते ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम). आणखी एक जुना मार्ग इथे सहज होतो. १९४० मध्ये डिझायनर अलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी चित्रांची कव्हरं सुरू केली, तेव्हा छापील कागद पुठ्ठ्यावर चिकटवत. मिठाईचे कडक डबे आजही असेच होतात. १३० जीएसएमचा आर्ट पेपर पातळ पुठ्ठ्यावर चढवला की कण्यावर भेग पडत नाही आणि हातात वजन येतं. हाताचं काम असल्याने वेळ दुप्पट धरा. शंभर-दीडशे प्रतींना आम्ही हेच सुचवू.

कण्यावरचं नाव २ मिलिमीटरच्या आत ठेवा आणि रंग बरोबर कण्याच्या कडेवर बदलू नका. घडी अर्धा-एक मिलिमीटर सरकतेच. पुढचाच रंग कण्यावरून मागे वळवला की सरकलेलं कळत नाही. देवनागरी नाव असेल तर वेलांटी आणि उकार मोजून घ्या : २ मिलिमीटरमध्ये मूळ अक्षराला जेमतेम सव्वा मिलिमीटर उरतो. फॉइल हवं असेल तर काडी ०.३ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. लग्नपत्रिकांमुळे फॉइलमध्ये इथला हात बसलेला आहे.

खिडकीचं कटिंग, उठाव, चिकटवलेल्या वस्तू यांबाबत एक धडा जगाने आधीच घेतला आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’वर पँटची खरी चेन (झिप) होती, थप्पीत ती शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतायची. मग पाठवताना चेन अर्धी उघडून ठेवू लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर पडे. बाहेर काही जाड लावायचं असेल तर ते मधल्या चार इंचांत लावा.

पेस्टिंगला निम्मे गुण का, तर पट्ट्यांमुळे. वरची-खालची पट्टी आत वळते तेव्हा तिची फिल्मची बाजू मागच्या पानाच्या आतल्या बाजूला चिकटायची असते. साधा डिंक फिल्मवर धरत नाही. चिकटल्यासारखं वाटतं आणि दोन महिन्यांनी तोंड उघडतं. फिल्मला धरणारा डिंक मागा, किंवा डायमध्येच पट्टीवर टोचे पाडून घ्या म्हणजे डिंक कागदापर्यंत पोचतो. डिंक जास्त झाला तर तो आत ओघळतो आणि आतलं पाकीट चिकटतं. इथे हे बऱ्याच प्रतींत आढळतं.

नागपूरची हवाही हिशेबात धरा. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, बोर्ड कोरडा पडतो आणि क्रीजवर तडकतो. रीमचं वेष्टन छपाईच्या सकाळीच फोडा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. कागदाची बाजू ओल घेऊन फुगते, फिल्मची बाजू तशीच राहते, आणि कव्हर फिल्मच्या बाजूला वळतं. पेस्टिंगनंतर वजनाखाली एक रात्र ठेवायला सांगा. जमत असेल तर काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या.

मशीन लावतानाच शंभरेक शीट जातात, प्रती कितीही असोत. प्लेटा आणि डायचा खर्चही तेवढाच. म्हणून ३०० आणि ५०० च्या बिलात वाटतो तेवढा फरक नसतो.

माल घेताना सुतळीने आवळलेले गठ्ठे नाकारा, कडांवर खाच पडते. खोक्यात उभे भरून घ्या. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या दहा प्रती काढा, प्रत्येकीत रेकॉर्ड घालून बाहेर काढा, कण्यावर नख फिरवा, पट्टीच्या तोंडात बोट घालून हलकं उघडून बघा. पट्टी सुटली तर तिथेच परत द्या; दुरुस्ती ते विनातक्रार करून देतात. आणि उन्हाळ्यात भरलेली खोकी बंद गाडीत ठेवून चहाला थांबू नका, आतली तबकडी वाकते.