छोटा शोधअहवाल पाठवायचा कुठे: विद्यापीठाचं ऑनलाइन जर्नल की व्यावसायिक प्रकाशक?

एक प्रयोग, एक निष्कर्ष, फार तर दोन आकृत्या. एवढा मजकूर तयार असला की दोन दारं दिसतात: मोठ्या व्यावसायिक प्रकाशकाच्या जर्नलमधला ‘शॉर्ट कम्युनिकेशन’ विभाग, किंवा विद्यापीठानं स्वतः चालवलेलं ऑनलाइन जर्नल. दोन्ही दारं मी ठोठावली आहेत. शुल्क, शब्दमर्यादा, इम्पॅक्ट फॅक्टर ज्याचं त्याला संकेतस्थळावर सापडतं, त्यामुळे ते सोडून देतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो एकाच कटकटीनं: छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकांचं ‘आणखी एक प्रयोग करा’. व्यावसायिक जर्नलमध्ये छोट्या अहवालासाठी वेगळे परीक्षक क्वचितच असतात. पूर्ण लांबीचे निबंध तपासणारीच मंडळी, आणि बहुतेकदा फॉर्मही तोच: नावीन्य किती, परिणाम किती, कार्यकारणभाव उलगडला का? एका निरीक्षणाच्या अहवालाला या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, आणि परीक्षकाला ती त्रुटी वाटते. मग एक नियंत्रण गट वाढतो, त्यासोबत तिसरी आकृती येते, चर्चेचा भाग फुगतो. मर्यादा ओलांडली की संपादक सुचवतात, ‘हा पूर्ण निबंध म्हणून पाठवा.’ काही ठिकाणी ते नवं सादरीकरण धरलं जातं आणि ‘प्राप्त’ तारीखही नवी पडते. लवकर छापून यावा म्हणून छोटा ठेवलेला मजकूर अशानं ना छोटा राहतो, ना लवकर येतो.

यावर थोडासा उतारा आहे. सोबतच्या पत्रात दावा एका वाक्यात लिहावा आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘परिणाम कसा घडतो याबद्दल दावा केलेला नाही’ असं स्पष्ट म्हणावं. मागितलेली आकडेवारी आधीच हाताशी असेल तर ती मुख्य मजकुरात न घुसवता पूरक फाइलमध्ये टाकावी. समजूतदार संपादक असेल तर निभतं.

विद्यापीठांची काही जर्नलं मुळात याच आकाराच्या मजकुरासाठी उभी आहेत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं ‘मायक्रोपब्लिकेशन बायॉलॉजी’ घ्या. तिथे एक आकृती आणि तिच्याभोवतीचा मजकूर हेच एकक आहे. नकारात्मक निष्कर्ष आणि पुन्हा करून पाहिलेले प्रयोगही चालतात, आणि लेख पबमेड या जीववैद्यकीय लेखांच्या शोधसूचीत सापडतात. प्रयोग नीट झाला का, निष्कर्ष त्यातून निघतो का, एवढाच प्रश्न असला की परीक्षणाचं पत्र अर्ध्या पानाचं येतं. अर्थात सगळीच विद्यापीठीय जर्नलं अशी नाहीत; बरीच मोठ्यांचा फॉर्म जसाच्या तसा उचलतात. म्हणून लेखकांसाठीच्या सूचनांआधी परीक्षकांसाठीच्या सूचना वाचाव्यात.

आता दुसरी बाजू, कारण विद्यापीठाकडची डोकेदुखी वेगळीच असते. बहुतेक ठिकाणी ओजेएस ही ऑनलाइन जर्नल चालवण्याची मोफत प्रणाली असते आणि ती सांभाळणारा माणूस एकच. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक, जो दुव्यासारखा उघडतो) तयार होणं आणि तो क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे नोंदवला जाणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. स्वयंचलित नोंदणी चालू नसेल तर दुसरी पायरी संपादकाला हातानं करावी लागते, आणि ती राहून जाते. पीडीएफवर डीओआय छापलेला, पण दुवा उघडत नाही, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. प्रकाशनानंतर आठवडाभरात दुवा दाबून पाहावा आणि न उघडल्यास सरळ ईमेल करावा.

याहून चोरटी चूक मेटाडेटाची, म्हणजे लेखाबद्दलच्या नोंदींची. सादर करताना हस्तलिखितात पाच लेखक असतात, पण ओजेएसच्या फॉर्ममध्ये घाईत एकाचंच नाव भरलं जातं. गूगल स्कॉलर लेखकांची नावं मुख्यतः वेबपानामागच्या, वाचकाला न दिसणाऱ्या टॅगमधून घेतं आणि ते टॅग या फॉर्मवरून तयार होतात. म्हणजे पीडीएफ बरोबर असूनही चार सहलेखक शोधात गायब. गॅली (छापण्याआधीची अंतिम मांडणी) तपासताना लेखाचं वेबपानही तपासा: नावांचा क्रम, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख-क्रमांक), सारांश. व्यावसायिक प्रकाशकाकडे हे काम पगारी माणसं करतात, एचटीएमएल आवृत्तीही नीट मिळते. त्यांना तेवढे गुण द्यायलाच हवेत.

गतीबद्दल कुणाच्या जाहिरातीवर जाऊ नये. मागच्या तीन अंकांतल्या लेखांवरच्या ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ तारखांमधलं अंतर मोजलं की खरं चित्र कळतं. विद्यापीठाकडे परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या काळात फाइल निवांत पडून राहते, हे गृहीत धरा.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. जर्नल डीओएजेमध्ये, म्हणजे मुक्त प्रवेश जर्नलांच्या सूचीत, आहे का? तिथे अट अशी, की संपादक, मंडळाचे सदस्य किंवा परीक्षक यांनी लिहिलेले लेख शेवटच्या दोनपैकी कुठल्याही अंकात 25 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. घरच्याघरी चाललेली जर्नलं इथेच अडकतात. दुसरं, जतन कुठे होतं? क्लॉक्स, पोर्टिको या जतनसेवा किंवा ओजेएस बनवणाऱ्या पीकेपीचं जतनजाळं, यांपैकी काहीतरी लिहिलेलं असावं. सर्व्हर बदलला, निधी आटला, की जतन नसलेले लेख संकेतस्थळासोबतच जातात.

सरळ झेनोडो या संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन भांडारावर टाकण्याचा पर्यायही आहे. डीओआय लगेच मिळतो, पण परीक्षण होत नाही. प्रश्न आकडेवारी जपण्याचा असेल तर तेवढं पुरे.

बढतीच्या समितीला ठरावीक यादीतलंच जर्नल चालत असेल तर वाद संपला, व्यावसायिक विभागच गाठावा. तशी अट नसेल आणि तारखांमधलं अंतर चार महिन्यांच्या आत दिसत असेल, तर मी विद्यापीठाकडे पाठवतो, आणि डीओआयचा दुवा दाबून पाहण्याची आठवण कॅलेंडरवर लावून ठेवतो.