प्रोटेक्टेड की साधा? टॉर्चसाठी १८६५० सेल निवडताना

रात्रीच्या ट्रेकला किंवा रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाताना लागणाऱ्या जोरदार टॉर्चसाठी १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल) घ्यायचा म्हटलं, की निवड शेवटी दोन प्रकारांत येते. एक म्हणजे ३४००-३५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) असलेला, डोक्यावर बटणासारखा उंचवटा असलेला, प्रोटेक्शन सर्किट बसवलेला म्हणजेच ‘प्रोटेक्टेड’ सेल; जास्त प्रवाह ओढला किंवा सेल फार उतरला की हे सर्किट सेल तोडतं. दुसरा म्हणजे सॅमसंग ३०क्यू किंवा मुराता व्हीटीसी६ यांच्या जातीचा ३००० एमएएचचा साधा, सपाट डोक्याचा सेल. त्यात सर्किट नसतं, पण तो सलग १५ अँपिअर देऊ शकतो.

आकड्यांवर पहिला पुढे आहे. टॉर्च मंद किंवा मध्यम उजेडावर चालवली, म्हणजे साधारण १ अँपिअरच्या आसपास, तर ३५०० एमएएचचा सेल खरोखर जास्त वेळ चालतो. रात्रभर एकाच मंद उजेडावर चालणाऱ्याने या फरकाकडे जरूर बघावं. पण उजेड वाढवून ५-६ अँपिअर ओढायला लागलं की चित्र बदलतं. प्रोटेक्शन सर्किटमधल्या मॉस्फेटचा (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) आणि जोडपट्ट्यांचा रोध सेलच्या स्वतःच्या रोधात मिळतो. समजा हा जादा रोध ५० मिलिओहम आहे, तर ६ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच जातात. थंडीत कळसूबाईसारख्या ठिकाणी सेलचा आतला रोध आणखी वाढतो आणि ‘टर्बो’ (सर्वांत जोरदार उजेड) लावूनही उजेड अर्धवटच वाटतो.

तरी एवढ्यावर मी प्रोटेक्टेड सेल नाकारला नसता. मन बदललं ते वेगळ्याच कारणाने: तो न सांगता बंद होतो.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक स्वस्त सर्किटं प्रवाह थेट मोजत नाहीत. मॉस्फेटवर किती व्होल्ट पडतात ते बघतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की सेल तोडतात. मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो. सेल उतरला की मॉस्फेटला चालू ठेवणारा विद्युतदाबही कमी होतो, आणि रोध आणखी वाढतो. म्हणजे भरलेल्या सेलवर जो टर्बो बिनतक्रार चालला, तोच टर्बो सेल अर्धा उतरल्यावर, टॉर्च गरम झाल्यावर सर्किट पाडतो. उजेड मंद होत नाही, दिवा लुकलुकत नाही, एकदम मिट्ट काळोख. त्यावर कडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्चमध्ये बटण दाबून काही होत नाही. भार पूर्ण सुटला तरच सर्किट पूर्ववत होतं, म्हणून मागचं झाकण फिरवून ढिलं करावं लागतं, तेही अंधारात, एखाद्या कातळटप्प्यावर एका हाताने. साधा सेल मात्र उतरत चालला की टॉर्च आपली इशारत देते: उजेड पायरीपायरीने खाली येतो, आणि मंद उजेडावर खाली उतरायला पुरेसा वेळ मिळतो.

दुसरी अडचण लांबीची. सर्किट आणि बटण धरून प्रोटेक्टेड सेल ६८ ते ७० मिलिमीटर होतो. अरुंद टॉर्चमध्ये तो दाबून बसवला की खालचं सर्किट स्प्रिंगखाली चिरडतं. बहुतेक रचनांमध्ये धन टोकापासून खालच्या सर्किटपर्यंत एक पातळ पट्टी सेलच्या अंगावरून जाते, आणि सेलचं सगळं अंग ऋण असतं. मध्ये असतो फक्त पातळ चिकटपट्टीचा थर. तो घासला गेला तर सुरक्षिततेसाठी बसवलेली गोष्टच शॉर्टचं कारण ठरू शकते.

साधा सेल घेणाऱ्याने मात्र आधी आपल्या टॉर्चची परीक्षा घ्यावी. सेल उतरल्यावर ती स्वतः बंद होते का? मध्यम उजेडावर लावून शेजारी बसा. उजेड कमी व्हायला लागला की दर पाच मिनिटांनी सेल काढून मल्टीमीटरने मोजा. २.८ ते ३ व्होल्टच्या आसपास टॉर्च बंद झाली तर ठीक. २.५च्या जवळ जाऊनही चालूच राहिली तर तिथेच थांबा. त्या टॉर्चला प्रोटेक्टेड सेलच हवा. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागलेलं असू शकतं आणि चार्जिंगमध्ये तेच आतल्या आत शॉर्ट करू शकतं. एकामागे एक दोन सेल लागणाऱ्या टॉर्चसाठी, किंवा घरात कुणीही उचलून वापरेल अशा टॉर्चसाठीही मी प्रोटेक्टेडच सुचवेन. तिथे हे सर्किट आपलं काम चोख करतं.

साध्या सेलच्या वरच्या प्लास्टिक वेष्टनाकडे लक्ष हवं. धन टोक आणि ऋण अंग यांत अंतर जेमतेम असतं, मध्ये एक पांढरी चकती. डोक्याकडे वेष्टन फाटलं तर सेल वापरू नका. ३० मिलिमीटर सपाट रुंदीचं पीव्हीसी वेष्टन आणि नवी चकती घालून हेअर ड्रायरने आवळता येतं. सपाट डोकं टॉर्चच्या टोकाला टेकत नसेल तर मध्ये लोहचुंबक घालू नका, तो सरकतो. डोक्यावर उंचवटा असलेलाच सेल घ्या. सुटा सेल कधीही खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत नको, प्लास्टिकच्या डबीत हवा. परदेशात व्हेप (ई-सिगारेट) वापरणाऱ्यांच्या खिशात हेच सेल पेटलेले आहेत, आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल इशाराही दिला होता. बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे सेल सुटे विकले जायला नको असतात, हे माहीत असूनच घ्यावं.

बाजारात ६८०० किंवा ९९०० एमएएच छापलेले सेल दिसतात. तेवढी क्षमता या आकारात मावतच नाही. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३०-३५ ग्रॅम दिसलं तर परत करा.

टिकण्याच्या बाबतीत दोघांत मला फारसा फरक वाटत नाही. तो वागवण्यावर आहे. १ अँपिअरने चार्ज करा, भरला की काढून ठेवा. पावसाळ्यात टॉर्च पडून राहणार असेल तर ३.६ ते ३.७ व्होल्टवर आणून सेल बाहेर ठेवा आणि तीन महिन्यांनी मोजा. प्रोटेक्टेड सेलचं सर्किट स्वतःही थोडी वीज खात राहतं, म्हणून तो जरा लवकर बघावा. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत दोन्हीही ठेवू नयेत.