समुद्रतळाखालचं तापमान: एक भागिले टी, टीपी-फिट की हॉर्नर?

2024 मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या खोदकाम-जहाजाच्या मोहिमा थांबल्या. समुद्रतळाखालच्या उष्णतेवर काम करायचं तर आता जुन्या मोहिमांच्या फायलींना पर्याय फारसा नाही. फाइल डाउनलोड करणं पाच मिनिटांचं काम. त्या फाइलमधून गाळाचं खरं तापमान कोणत्या पद्धतीने काढायचं, इथे विद्यार्थी अडतात.

आधी फाइल कशाची आहे ते बघा. बहुतेक वेळा ती एपीसीटी-3 या उपकरणाची असते. मऊ गाळाचा नमुना घेणाऱ्या पिस्टन कोअररच्या धारेतच हा तापमापक बसवलेला असतो. आलेखात आधी तळाच्या पाण्यापाशी घेतलेला थांबा सपाट दिसतो, मग कोअररची नळी गाळात घुसताना घर्षणाने तापमानाची उडी, आणि मग निवत जाणारी वक्ररेषा. नळी साधारण दहा मिनिटं तशीच रोवून ठेवतात. तेवढ्यात ती पूर्ण निवत नाही. म्हणजे आपल्याला हवा असलेला आकडा फाइलमध्ये कुठेच नसतो. वक्ररेषा पुढे ताणून तो काढावा लागतो.

जुनी, एक्सेलमध्ये जमणारी वाट म्हणजे एक भागिले टी; टी म्हणजे नळी गाळात घुसल्यापासूनचा वेळ. बराच वेळ गेल्यावर उरलेली जादा उष्णता वेळेच्या व्यस्त प्रमाणात ओसरते. म्हणून तापमान विरुद्ध 1/टी असा आलेख काढायचा, सरळ रेषा बसवायची, 1/टी शून्य होतं तिथे ती ज्या तापमानाला पोचेल ते उत्तर. गोम आहे ती ‘बराच वेळ’ या शब्दांत आणि घड्याळ कुठून सुरू केलं त्यात. समजा, तिसऱ्या मिनिटाला 8.0 अंश आहे आणि सहाव्या मिनिटाला 7.0. उत्तर येतं 6.0. आता घुसण्याचा क्षण अर्धा मिनिट आधीचा धरा, म्हणजे वेळा साडेतीन आणि साडेसहा होतात. उत्तर 5.83. गाळ तोच, वाचनं तीच, आणि फरक जवळपास 0.17 अंशाचा. अंशाच्या काही हजाराव्या भागापर्यंत वाचणारं उपकरण वापरून हा फरक पदरात घ्यायचा का?

टीपी-फिट इथेच उजवं ठरतं. मार्टिन हीसेमान यांनी मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेली ही प्रणाली सरळ रेषा बसवत नाही. नळीची जाडी, धातू आणि भोवतालचा गाळ धरून ती निवण्याचं प्रतिरूप गणिताने तयार करते आणि ते मोजणीशी जुळवते. सुरुवातीचा क्षण ती स्वतः मागेपुढे सरकवून शोधते. गाळाची उष्णतावाहकता मात्र तुम्ही द्यायची. ती बदलली की उत्तर किती हलतं हेही दाखवते. माझ्या मते तिची खरी किंमत यातच आहे, कारण अनिश्चितता अंदाजाने लिहावी लागत नाही. अडचण मॅटलॅबच्या परवान्याची. पायथनमध्ये स्वतःचा कोड लिहायला हरकत नाही, पण आधी प्रकाशित मोहिमांच्या दोन-चार वाचनांवर तो पडताळा.

दोन्ही पद्धतींना लागू असलेली एक गोष्ट: जहाज लाटांवर हिंदकळलं की नळी गाळात जराशी सरकते आणि वक्ररेषेवर छोटा उंचवटा येतो. ते नवं घर्षण. त्यापुढचे बिंदू सरळ टाकून द्या. कडक गाळात खुपसायच्या डेव्हिस-व्हिलिंगर या तापमापक शलाकेच्या फायलीत उलटा प्रकार दिसतो: गाळ तडकतो, बोअरमधलं थंड पाणी आत शिरतं आणि तापमान भलतंच खाली घसरतं. असं वाचन कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

हॉर्नर पद्धत तेल-विहिरींची; खोदकामाने बिघडलेलं बोअरचं तापमान हळूहळू मूळ पातळीवर येतं, ती रेषा पुढे ताणायची. खोदकाम थांबल्यावर बोअरच्या तळाशी वेगवेगळ्या वेळी तीन-चार वाचनं घेतली असतील तर ती उपयोगी. पण समुद्रात दिवसेंदिवस थंड खारं पाणी आत सोडत खोदतात, आणि हाती बहुधा एक-दोनच लॉग, म्हणजे बोअरमध्ये उपकरण उतरवून घेतलेल्या नोंदी, असतात. त्यावरून निघालेला आकडा ‘किमान एवढं तरी’ इतकाच समजावा.

घाई नसेल आणि पैसा असेल तर सगळ्यांवर कडी करणारा मार्ग म्हणजे बोअरमध्ये संवेदक ठेवून निघून येणं. 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर जपानच्या ‘चिक्यू’ जहाजाने सुमारे 6900 मीटर पाण्याखाली बोअर घेतलं, जुलै 2012 मध्ये त्यात 55 संवेदक सोडले आणि एप्रिल 2013 मध्ये ते परत काढले गेले. भ्रंशाजवळ, म्हणजे भूकंपात खडक सरकले त्या भेगेजवळ, केवळ 0.31 अंशाची वाढ सापडली, आणि तीवरून भूकंपावेळचा घर्षणांक 0.08 इतका कमी निघाला. खोदकामाचा परिणाम ओसरायला महिने मिळाले म्हणूनच हे जमलं. प्रबंधाच्या मुदतीत हे आपल्या हाती नाही.

तेव्हा एपीसीटी-3 ची फाइल असेल तर टीपी-फिट घ्या. एक भागिले टी फक्त झटपट पडताळणीला ठेवा; दोन्हींत दशांश अंशाहून जास्त फरक आला तर आधी आलेख पुन्हा बघा. फरक बारीक वाटतो, पण शंभर मीटरमध्ये तापमान पाचच अंशांनी वाढत असेल तर अर्ध्या अंशाची चूक म्हणजे तापमानाच्या उतारात (खोलीनुसार वाढण्याच्या दरात) दहा टक्के.

अरबी समुद्रावर काम करणाऱ्यांना एक जास्तीची सूचना. ‘जॉइडीस रिझोल्यूशन’च्या 2015 मधल्या मोहीम 355 मध्ये लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटरवर, यू1456 हे ठिकाण तळाखाली 1100 मीटरहून खोल खोदलं गेलं. पिस्टन कोअरर मात्र मऊ गाळापुरताच, म्हणजे सहसा वरच्या शे-दोनशे मीटरपर्यंत चालतो. शलाकेची वाचनंही नसतील तर त्याखालचं तापमान नमुन्यांवर मोजलेल्या उष्णतावाहकतेवरून, बुलार्ड आलेख (तापमान विरुद्ध थरांचा एकूण उष्णतारोध) काढून ठरवावं लागतं. खोल गाळ दाबला गेलेला असतो, त्याची वाहकता वाढते, म्हणून वरचा उतार जसाच्या तसा खाली ओढू नका. आणि शेवटच्या मोजलेल्या बिंदूखाली रेषा तुटक काढा.